एकोणीस-वीसचा फरक

चार लाडू चार भावंडांत किती प्रकारे वाटता येतील? लाडू सगळे सारखे, भावंडं वेगवेगळी, एकालाच चारही गेले आणि बाकीचे तिघं रडत बसले तरी चालेल. उत्तर ३५. हे मी गेल्या वीसेक वर्षांत किती वेळा मोजलंय त्याला गणती नाही, लोकलमध्ये मोजलंय, मीटिंगमध्ये कोणीतरी "माझी स्क्रीन दिसतेय का" विचारत असताना वहीच्या कोपऱ्यात मोजलंय, आणि दर वेळी त्या ३५ मधून १६ वजा करून, १९ लिहून, तिथंच गप्प बसलेय.

भानगड अशी की उत्तर २० आहे.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यात एक सेमिनार द्यायचा होता. विषय मीच निवडलेला, कारण नाव ऐकायला भारी होतं: कॉम्पॅक्ट कॉम्प्लेक्स सरफेसेसच्या फॅमिलीजची डिफॉर्मेशन थिअरी. निम्मं कळलं नव्हतं पण फळ्यावर मात्र मी फुल कॉन्फिडन्समध्ये लिहिलं की चार कोटीच्या (पैशातले कोटी नव्हेत, शाळेत बहुपदीची कोटी शिकलो तेच) गुळगुळीत सरफेसची फॅमिली एकोणीस पॅरामीटर्सची असते. मागच्या बाकावरून सर म्हणाले, "वीस." मी म्हटलं, "सर, पण पस्तिसातून सोळा गेले की एकोणीसच उरतात ना." ते हसले आणि म्हणाले, "एकोणीस-वीसचाच तर फरक आहे. पण तो एक कुठून आला ते बघून ये एकदा." मी हो म्हटलं आणि गेले नाही. मग नोकरी, लग्न, ठाण्याला घर, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं, आणि तो एक तसाच राहिला, उधारीसारखा.

या पावसाळ्यात शेवटी बसले. हा लेख म्हणजे त्याचा हिशोब.

आधी हे बदलतंय काय ते सांगते, कारण डिफॉर्मेशन म्हटलं की लोकांना रबर ताणलेलं दिसतं आणि इथे नेमकं तेच नाहीये. ग्राफ पेपरवर एक चौकोन काढा आणि समोरासमोरच्या कडा एकमेकींना चिकटवा, मेदूवड्याचा पृष्ठभाग तयार होतो. आता चौकोनाऐवजी तिरका समांतरभुज चौकोन घ्या आणि तेच करा. परत मेदूवडाच. खाणाऱ्याला फरक नाही, रबरवाल्याला तर नाहीच नाही, पण ज्याला त्या पृष्ठभागावर कॉम्प्लेक्स नंबर वापरून कॅल्क्युलस करायचाय त्याच्यासाठी हे दोन वडे वेगळे, कारण कोन वेगळे पडतात, आणि एकावरून दुसऱ्यावर कोन सांभाळून जाता येत नाही. चौकोन किती तिरका आहे ते सांगणारा एकच कॉम्प्लेक्स नंबर, तो हळूहळू बदलत नेला की वड्यांची एक अख्खी फॅमिली मिळते. आकार तोच, आतला कोनांचा कायदा मात्र दर वेळी नवा. एवढंच डिफॉर्मेशन.

रीमानने १८५७ साली भोकं वाढवून विचारलं, दोन किंवा जास्त भोकांचा वडा असेल तर असे स्वतंत्र नंबर किती लागतील? त्याचं उत्तर: भोकांच्या तिप्पट वजा तीन. म्हणजे दोन भोकांना ३, तीन भोकांना ६. या नंबरांना त्याने जे नाव दिलं त्यातून आजचा मॉड्युलाय हा शब्द आला. त्याने हे मोजलं ते आजच्या कडक अर्थाने सिद्ध केलं असं नाही, पण आकडा बरोबर निघाला, मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं.

हे झालं एका कॉम्प्लेक्स डायमेन्शनचं. सरफेस म्हणजे दोन कॉम्प्लेक्स डायमेन्शन, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या हिशोबाने चार, म्हणजे दिसायचं नावच काढू नका. माक्स नोएथरने १८८८ मध्ये सरफेससाठीही असा आकडा काढायचं सूत्र दिलं, पण सगळीकडे चालेल असा पाया त्याला नव्हता. तो पाया यायला १९५८ उजाडलं.

तो घातला कोदाइरा कुनिहिको आणि डॉनल्ड स्पेन्सर या जोडीने. कोदाइरा टोकियोचे, १९१५ चा जन्म, आधी गणिताची डिग्री मग फिजिक्सची, युद्धाच्या काळात जपानात बसून काम केलेलं, १९४९ ला गणितज्ञ हरमान वाइलच्या बोलावण्यावरून अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९५४ ला फील्ड्स मेडल (गणितातला सर्वात मोठा मानला जाणारा सन्मान), जपानमधलं पहिलं. पियानो वाजवायचे, बायको व्हायोलिन. स्पेन्सर कोलोरॅडोचे. या दोघांनी १९५८ ला डिफॉर्मेशनवर लांबलचक पेपर छापले आणि त्यातली मुख्य कल्पना मला कळली ती पुस्तकात नाही, आईमुळे कळली.

आई सध्या आमच्याकडे आहे आणि तिने गोधडी शिवायला घेतलीय. जुन्या सुती साड्यांचे तुकडे, खाली एक नऊवारी अस्तराला, वरून धावदोरा. मी शेजारी वही घेऊन बसलेली.

"काय गं, रविवारी पण ऑफिसचं?"

"ऑफिसचं नाही गं आई, माझंच आहे."

"मग जरा हे टोक धर."

टोक धरलं. तिने एक तुकडा शेजारच्या तुकड्यावर दोन बोटं सरकवला, टाचणी लावली, आणि मग कपाळाला हात लावला कारण ते दोन तुकडे नीट बसले पण तिसरा जिथे त्या दोघांवर येत होता तिथे चुणी पडली. "एकाला सरकवलं की सगळ्यांचं बघावं लागतं," असं पुटपुटत टाचणी काढली. आणि मी तशीच टोक धरून उभी, कारण हा तर कोदाइरा-स्पेन्सर होता, टाचणीसकट.

कसं ते बघा. कुठलाही कॉम्प्लेक्स सरफेस म्हणजे गोधडीच. साध्या सपाट तुकड्यांची, एकावर एक थोडे थोडे चढवून शिवलेली. तुकड्यांत स्वतःचं असं काहीच वेगळं नसतं, एक तुकडा दुसऱ्यासारखाच, सगळं वैशिष्ट्य शिवणीत. म्हणून सरफेस किंचित बदलायचा तर तुकड्यांना हात न लावता शिवण किंचित सरकवायची. प्रत्येक दोन तुकड्यांच्या जोडावर कुठे किती सरकवलं ते सांगणारे बाण काढायचे. पण तीन तुकडे जिथे एकत्र येतात तिथे तीन जोडांवरचे बाण एकमेकांशी जुळले पाहिजेत, नाहीतर चुणी. ही पहिली अट. दुसरी गंमत अशी, की समजा मी प्रत्येक तुकडाच आपापल्या जागी जरा फिरवून ठेवला आणि त्यामुळे जोडावरचे बाण बदललेले दिसले, तर गोधडी काही बदलली नाही, मी फक्त मांडणी हलवली, ती मोजायची नाही. आता चुणी न पाडणारे सगळे बाण घ्या आणि त्यातून हे फुकटचे बाण वजा करा. जे उरतं ते खरं बदलणं. त्याला गणितात एच-वन म्हणतात, सरफेसच्या स्पर्शदिशांचं एच-वन, आणि त्याचं डायमेन्शन म्हणजे सरफेसला बदलायला पहिल्या पावलावर किती दिशा मोकळ्या आहेत तो आकडा.

म्हणजे माझ्या ३५ वजा १६ चीच ही मोठी बहीण. चार चलांची चार कोटीची बहुपदी लिहायला ३५ सहगुणक लागतात, कारण प्रत्येक पद म्हणजे चार लाडवांची एक वाटणी, भावंडं म्हणजे एक्स, वाय, झेड, डब्ल्यू. आणि तोच सरफेस मान तिरकी करून बघितला, म्हणजे चार बाय चारच्या मॅट्रिक्सने चलं एकमेकांत मिसळली, तर समीकरण वेगळं दिसतं पण सरफेस तोच. मॅट्रिक्समध्ये १६ आकडे. म्हणून १६ फुकटचे. उरले १९.

मग मी एक काम केलं जे त्या सेमिनारच्या आधीच करायला हवं होतं, शेजारच्या कोटी मोजल्या. तीन कोटी: तीन लाडू चौघांत, २० प्रकारे, वजा १६, उरले ४. क्यूबिक सरफेस, ज्याच्यावर सत्तावीस सरळ रेषा असतात तो प्रसिद्ध. एच-वन पण ४. जुळलं. पाच कोटी: ५६ वजा १६, चाळीस. एच-वन ४०. जुळलं. सहा: ८४ वजा १६, अडुसष्ट, जुळलं, आणि पुढे सगळीकडे जुळतंच. दोन कोटीला १० वजा १६ म्हणजे उणे सहा येतात आणि क्षणभर धस्स होतं, पण तिथे त्या १६ मधले ६ सरफेसचं समीकरण जागचं हलवतच नाहीत, ते परत मिळवले की शून्य, आणि एच-वनही शून्यच. फक्त चार कोटीला मोजणी १९ म्हणते आणि एच-वन २० म्हणतं. सगळ्या रांगेत हा एकच नाठाळ. सरांनी मला नेमकं त्याच्याच दारात सोडलं होतं आणि मी बेल न वाजवता परत आले.

तर हा चार कोटीचा सरफेस के-थ्री नावाच्या एका मोठ्या घराण्यातला. हे नाव फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेलने १९५८ च्या एका रिपोर्टमध्ये दिलं, कुमर, केलर आणि कोदाइरा या तिघांच्या क वरून, आणि तिथेच लिहून टाकलं की काश्मीरमधल्या त्या सुंदर के-टू शिखरावरूनही. वेलला हिंदुस्थान नवा नव्हता, १९३० ते ३२ तो अलीगढला प्रोफेसर होता. आणि शिखराचं के-टू हे नाव तरी कुठलं, १८५६ मध्ये सर्व्हेवाल्या माँटगोमरीने लांबून काराकोरमची शिखरं टिपताना वहीत घातलेला नंबर. काराकोरमचा के. शिखर सर झालं १९५४ च्या जुलैअखेर, कोदाइरांना मेडलही १९५४ लाच. हा निव्वळ योगायोग, पण लिहायचा मोह आवरला नाही.

आता ती विसावी दिशा. के-थ्रीच्या गोधडीत शिवण सरकवायच्या २० मोकळ्या दिशा आहेत. त्यातल्या १९ दिशांनी सरफेस जातो तो चार कोटीच्या समीकरणाच्या आतच राहतो, फक्त सहगुणक बदलतात. विसाव्या दिशेने एक पाऊल टाकलं की समीकरण सुटतं. म्हणजे नवं समीकरण येतं असं नाही, अगदी केसभर सरकून साधारण कुठेही थांबलात तर तिथे कुठलंच समीकरण उरत नाही. सरफेस आहे, गुळगुळीत आहे, कॉम्पॅक्ट आहे, रबरवाल्याला विचारलं तर तो म्हणेल अहो हा तोच आहे, पण बहुपदींची भाषाच त्याला लागू नाही. अशा सर्वसाधारण के-थ्रीवर एकसुद्धा कॉम्प्लेक्स वक्ररेषा नसते. मी लाडवांच्या पस्तीस वाटण्या मोजत होते आणि विसावा पॅरामीटर लाडवांचा नव्हताच. कितीही नीट मोजलं असतं तरी मिळाला नसता.

अजून एक. चार कोटीचे तसे दोनचे, सहाचे, आठचे, अशा वेगवेगळ्या जातीचे बीजगणिती (म्हणजे बहुपदींच्या समीकरणांनी लिहिता येणारे) के-थ्री असतात आणि प्रत्येक जातीची फॅमिली १९ चीच. त्या वीस डायमेन्शनच्या मोठ्या फॅमिलीत या एकोणिसांच्या पातळ पातळ पानांची मोजता येईल अशी पण न संपणारी चळत लागलेली, कुठल्याही दोन पानांच्या मध्ये अजून पान निघतंच, आणि तरी पानांच्या मध्ये जे उरतं तेच जास्त. कोदाइरांनी १९६४ मध्ये दाखवलं की जगातला कुठलाही के-थ्री घ्या, चार कोटीच्या एखाद्या सरफेसपासून न तुटता डिफॉर्म होत होत तिथवर पोचता येतं. म्हणजे या वेगवेगळ्या पानांवरचे सगळे के-थ्री एकाच घरातले, आणि त्या घराचा बहुतेक भाग बीजगणिताच्या बाहेरचा. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला खरंच कोणाला तरी फोन करावासा वाटला. केला नाही. साडेबाराला कोणाला काय सांगणार, वीस आलं म्हणून?

इथपर्यंत सगळं छान छान चाललंय असं वाटेल म्हणून त्या वेताच्या स्टुलाबद्दल सांगते. आमच्या बाल्कनीत आहे, वर एक रिंग, खाली एक रिंग, मध्ये तिरक्या काड्या, कमरेत बारीक. काड्या सरळ आहेत पण आकार गोलाईचा दिसतो, आणि काड्यांचे दोन संच, एक उजवीकडे कललेला एक डावीकडे. मी पुठ्ठ्याच्या दोन रिंगा करून लोकर ओवून याचं मॉडेल केलं (मुलगा म्हणाला, "हे कशाचं प्रोजेक्ट, मला तर दिलेलं नाही"). दोऱ्याचा एकच संच ओवला तरी पुरतं. दोरे सरळ उभे असताना नळकांडं. वरची रिंग फिरवत गेलं की कंबर बारीक होत जाते, आणि अर्धा फेरा पुरा झाला की सगळे दोरे एका बिंदूत, शंकूवर शंकू. त्याच्या आधीच्या प्रत्येक स्थितीत, सुरुवातीचं ते सरळ नळकांडं सोडून, आकारावर सरळ रेषांचे दोन संच काढता येतात. शंकूवर एकच. दोन्ही संच एकमेकांत विरून गेले.

कॉम्प्लेक्स जगात याच शंकूचं टोक काढून तिथे एक छोटा गोल बसवला तर हिर्त्सेब्रुखच्या १९५१ च्या यादीतला दोन नंबरचा सरफेस मिळतो, आणि जरा काळजीने केलं तर एक गुळगुळीत फॅमिली तयार होते: पॅरामीटर शून्य नसेल तेव्हा सगळे सरफेस एकमेकांची हुबेहूब कॉपी, दोन संचवाले, आणि बरोब्बर शून्यावर एकदम वेगळा, एक संचवाला. आकार तोच, चार डायमेन्शनच्या रबरवाल्याला शून्यावर काहीच झालेलं दिसत नाही. पण दोन संचवाल्याचं एच-वन शून्य आहे, तो ताठ, हलतच नाही, आणि शून्यावरच्याचं १. म्हणजे हा शून्यावरचा बिचारा किंचित हलला की लगेच दुसरा कोणीतरी होऊन जातो आणि मग कायमचा तोच राहतो. अशा दोघांना नकाशावर वेगवेगळे ठिपके द्यायला गेलात तर त्या ठिपक्यांमध्ये अंतरच ठेवता येत नाही. "सगळ्या सरफेसेसचा एक नकाशा काढू" म्हणणाऱ्यांची झोप उडवायला हे एवढं स्टूल पुरेसं आहे.

कोदाइरांच्या पुस्तकात या काळाबद्दल फार मोकळेपणाने लिहिलंय, की सुरुवातीला हे सगळं प्रयोगशास्त्रासारखंच चाललं होतं, एकेक उदाहरण घ्यायचं, खरे पॅरामीटर मोजायचे, एच-वन मोजायचं, आणि दर वेळी दोन्ही आकडे जुळायचे, का जुळतात ते मात्र कळायचं नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. एवढी मोठी माणसं पण आधी लाडूच मोजत होती. मग १९६२ ला दोन गोष्टी झाल्या. कुरानिशीने दाखवलं की कुठल्याही कॉम्पॅक्ट कॉम्प्लेक्स आकाराला त्याच्या जवळपासच्या सगळ्या बदलांना पुरी पडेल अशी एक फॅमिली असतेच असते, फक्त ती गुळगुळीत असेलच याची हमी नाही. आणि ममफर्डने त्याच वर्षी ती हमी का नाही याचा नमुनाच ठेवला, सरफेसहून एक डायमेन्शन वरचा, जिथे एच-वन जितक्या दिशा दाखवतं तितक्या खऱ्या निघतच नाहीत. पहिलं पाऊल टाकता येतं, दुसऱ्या पावलावर चुणी. पुढे सरफेसमध्येही असे नमुने सापडले. ही चुणी कुठे पडू शकते ते एच-टू सांगतं, आणि के-थ्रीचं एच-टू शून्य आहे, म्हणून त्याच्या वीसच्या वीस दिशा खऱ्या. नाठाळ वाटला तो सगळ्यात सरळ निघाला.

हाच ममफर्ड १९६७-६८ ला कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होता, आबेलियन व्हरायटीजवर लेक्चरं देत, आणि त्याच्या नोट्सवर मेहनत घेतली सी. पी. रामानुजम यांनी. १९६८ च्या जानेवारीत तिथेच बीजगणिती भूमितीची मोठी परिषद झाली, त्या विषयातला मोठा माणूस ग्रोथेनडीक आलेला. आणि १९७५ मध्ये तिथल्याच नरसिंहन आणि रामनन यांनी एक गोष्ट सिद्ध केली जी मला या सगळ्यात सर्वात गोड वाटते. भोकांचा वडा घ्या, त्याच्यावर बसणाऱ्या एका जातीच्या व्हेक्टर बंडल्सचा (वड्याच्या प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर स्पेस बसवलेली रचना) स्वतःचा एक आकार तयार होतो, वड्यापेक्षा पुष्कळ जास्त डायमेन्शनचा. हा अवाढव्य आकार किती दिशांनी डिफॉर्म होतो? भोकांच्या तिप्पट वजा तीन. रीमानचा १८५७ चाच आकडा. म्हणजे वड्याला हलवलं की तो हलतो, त्याला स्वतःहून हलायला दुसरी वाटच नाही. मी कॉलेजात असताना एकदा तिथे लेक्चर ऐकायला गेले होते, लक्षात राहिला तो फक्त मागचा समुद्र. आता चिडचिड होते स्वतःची.

परवा वहीत पाच कोटीच्या ४० समोर बरोबरची खूण केली आणि मग वाचलं की तिथेही गंमत आहे. होरिकावाने १९७५ मध्ये दाखवलं की पाच कोटीच्या सरफेससारखेच सगळे आकडे असलेले सरफेस दोन वेगवेगळ्या ढिगांत पडतात, दोन्ही ढीग ४० डायमेन्शनचे, आणि ते एकमेकांना ३९ डायमेन्शनच्या एका शिवणीवर चिकटलेत. त्या शिवणीवर उभं राहिलं तर दोन्हीकडे जाता येतं, आणि एच-वन तिथे ४० च्या वर जातं. खूण खोडली नाही, शेजारी ३९ लिहून ठेवलंय. सरांचा नंबर आता कोणाकडे मिळेल ते विचारतेय, वीस कुठून आले ते सांगायला, आणि मला माहितीये ते पाच कोटीबद्दलच विचारणार.

आईने चुणीपर्यंतची अख्खी ओळ उसवलीय. चष्मा असून तिला सुई ओवता येत नाही, मघापासून दोनदा हाक मारून झालीय.